आपला तो दरवळ, दुसऱ्याचा तो वास

‘वास येतोय’ हे मराठीतलं पूर्ण वाक्य आहे. कर्ता आहे, क्रियापद आहे, आणि अर्थ इतका पक्का की कशाचा, कुठून, कसा हे विचारायची गरज कुणाला पडत नाही. ऐकणारा उठून खिडकी उघडतो. मोगऱ्याच्या कुंडीशेजारी उभं राहून मात्र कुणी नुसतं ‘वास येतोय’ म्हणत नाही. तिथे ‘छान’ जोडावं लागतं, ‘काय मस्त’ जोडावं लागतं. चांगल्या वासाला शिफारसपत्र लागतं, वाईटाला काहीच लागत नाही.

माझी तक्रार या दोन शब्दांच्या वाक्याबद्दल आहे, आणि परदेशात राहणारी आपण मराठी माणसं ते कुणाकुणाला उद्देशून वापरतो याबद्दल आहे. मी बहरीनमध्ये तुबलीला राहते. त्यामुळे हे वाक्य प्रश्नाच्या रूपात मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकावं लागतं. हळदीकुंकू असो, कुणाच्या मुलाचा वाढदिवस असो, कुठे राहता हे विचारून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला. ‘तुबलीत? वास नाही येत?’ विचारणाऱ्या बहुतेक जणी मनामाच्या उंच इमारतींत, जुफेरला किंवा समुद्रात भराव टाकून उभ्या केलेल्या नव्या वस्त्यांत राहतात.

येतो. उत्तर एवढंच आहे. तुबलीला बेटावरचं सर्वांत मोठं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते चालू आहे. दिवसाला दोन लाख घनमीटर ही त्याची मूळ क्षमता. वस्ती वाढली, येणारं पाणी त्याच्या बरंच पुढे गेलं, म्हणून ती चार लाखांपर्यंत नेण्याचं काम हाती घ्यावं लागलं. आता जरा विचार करा, एवढं पाणी तुबलीसारख्या गावात कुठून आलं? तुबलीच्या लोकांच्या मोऱ्यांतून नक्कीच नाही. ते जुफेरच्या पंचविसाव्या मजल्यावरून आलं, हॉटेलांतून आलं, ‘वास नाही येत?’ विचारणाऱ्या वहिनींच्या न्हाणीघरातून आलं. वास बेटाचा आहे. तुबली तो सगळ्यांच्या वतीने सांभाळते आणि वर बदनामीही घेते. त्याच केंद्रातून शुद्ध होऊन निघालेलं पाणी हमरस्त्यांच्या कडेच्या खजुरांना आणि हिरवळीला जातं. त्या हिरवळीवर फोटो काढताना तुबलीची आठवण कुणाला होत नाही.

माझं काम खाडीच्या तळच्या गाळाच्या रसायनशास्त्राचं आहे, म्हणून थोडं त्याबद्दलही सांगते. कुजक्या अंड्यासारखा जो वास तुम्हाला तुबलीच्या पुलावर गाडीच्या बंद काचांतूनही जाणवतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. प्राणवायू संपलेल्या चिखलात काही जिवाणू सल्फेटवर जगतात आणि हा वायू बाहेर टाकतात. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर, त्यात आखातातली उष्णता, त्यात मलपाण्याचं खाद्य, म्हणजे त्यांची चंगळच. पण हेच जिवाणू रास सनदच्या तिवरांच्या मुळाशीही असतात. बहरीनमधलं नैसर्गिक तिवराचं वन उरलंय ते तिथेच. ओहोटीला तिथे गेलात तर तोच वास येईल, आणि तो निरोगी खाडीचा भाग आहे. १९९७ साली तुबलीची खाडी रामसर करारातल्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. तोवर आणि त्यानंतरही तिच्यात इतका भराव पडला आहे की आता ती जवळजवळ निम्म्यावर आली आहे. भरावाला वास नसतो, त्यामुळे त्याबद्दल हळदीकुंकवात कुणी विचारत नाही.

मुंबईकरांना हा प्रकार नवा नाही. देवनारला १९२७ पासून शहराचा कचरा जातो आहे. पेडर रोडचा कचरा, दादरचा कचरा, आणि नाकाला रुमाल मात्र गोवंडीच्या नावाने. पुण्याच्या लोकांनी फुरसुंगी आणि उरुळी देवाची हे शब्द उच्चारताना चेहऱ्याचं काय होतं ते आरशात पाहावं.

आता शब्दाकडे येते. ‘वास’ हा मुळात नासलेला शब्द नव्हता. आजी म्हणायची, ‘वासाचं तेल आण.’ वासाचं तेल म्हणजे सुगंधी तेल. वासाचा साबण, वासाचा तांदूळ, हे सगळे कौतुकाचे शब्द होते. वासाचा तांदूळ म्हटलं की आंबेमोहोर डोळ्यांसमोर यायचा, ज्याला नावच आंब्याच्या मोहोराचं आहे. अबोलीला वास नाही, असं आपण म्हणतो तेव्हा तो तिच्यातला उणेपणा असतो, बिचारीला नुसता रंगच दिला देवाने. आणि दुधाला वास येतोय म्हटलं की दूध गेलं. फुलाला वास नसणं वाईट आणि दुधाला वास असणं वाईट. तोच शब्द, तीच विभक्ती, निवाडा पूर्ण उलटा. तो निवाडा शब्दात नाही, आपण ज्याच्याबद्दल बोलतो आहोत त्याच्याविषयीच्या अपेक्षेत आहे. फुलाकडून आपण वासाची अपेक्षा ठेवतो. दुधाकडून, कपड्यांकडून, शेजाऱ्याकडून ठेवत नाही.

क्रियापदं बघा. वास सुटतो तो फोडणीला. वास लागतो तो माठातल्या पाण्याला मातीचा, किंवा पोलिसांना चोराचा. वास भरतो तो बंद खोलीत. वास मारतो तो माणसाला. मराठीत इतर कुठली संवेदना अशी हात उगारत नाही. रंग मारत नाही, आवाज मारत नाही. आणि ज्याची कुणालाच पर्वा उरली नाही त्याला कुत्रंसुद्धा हुंगत नाही, म्हणजे हुंगलं जाणं हीसुद्धा एक प्रतिष्ठाच होती की!

संस्कृतातल्या ‘वासना’ची कथा तर आणखी गमतीची. आज मराठीत वासना म्हटलं की वर्तमानपत्रातल्या गुन्ह्यांच्या बातम्या आठवतात. पण बौद्ध विज्ञानवाद्यांनी हा शब्द वापरला तो वास लागण्याच्या अर्थाने. फुलांच्या सोबत ठेवलेल्या तिळांना फुलांचा वास लागतो, फुलं गेली तरी तेलात तो उरतो. तशी केलेली कर्मं मनात उरतात, ती वासना. अजून घरात आजारी माणसाबद्दल आपण ‘अन्नावरची वासनाच उडाली’ म्हणतो, तिथे तो जुना निरोगी शब्द जिवंत आहे. आणि दुसरा ‘वास’, राहण्याचा, तो तर आपल्याच पाठीला लागलेला. निवास, सहवास, वनवास. प्रवास म्हणजेही मुळात घरापासून दूर राहणं. मराठीने त्याचा अर्थ गाडीत बसण्यापुरता केला, हिंदीने तो जपला, म्हणून तिथे आपण ‘प्रवासी भारतीय’ असतो. मराठी सरकारी कागदांत आपण ‘अनिवासी’. वास नसलेले. कोशकार सांगतील की राहण्याचा वास आणि नाकाचा वास हे वेगवेगळ्या धातूंचे शब्द आहेत, फक्त कानाला सारखे. असोत. पण ज्या घरात वीस वर्षं मासे तळले गेले त्या घराच्या पडद्यांना विचारा, दोन्ही वास किती वेगळे आहेत ते.

कुणी म्हणेल, शब्द घसरतातच, त्यात एवढं काय. खरं आहे. इंग्रजीतला ‘स्टेंच’ हजार वर्षांपूर्वी कुठल्याही गंधाला चालत होता, फुलाच्यासुद्धा. तमिळमधला ‘नाट्रम्’ प्राचीन काव्यात सुगंध होता, आज चेन्नईत तो शब्द उच्चारला तर लोक गटार शोधतील. फारसीतली ‘बू’ फुलांचीही असायची. उर्दूत खुशबू आणि बदबू अशी वाटणी झाल्यावर एकटी ‘बू’ बदनामीकडे गेली. गंधाचा साधा शब्द भाषेत फार काळ साधा राहत नाही, असं दिसतं. त्यामुळे ‘वास’ घसरला यावर माझा राग नाही. तो घसरून कुणाच्या अंगावर पडतो यावर आहे.

तुबलीच्या आतल्या गल्ल्यांत कामगारांच्या खोल्या आहेत. एका खोलीत सहा-आठ माणसं. त्यांत बांगलादेशी, नेपाळी, बिहारी, तेलंगणाचे, क्वचित आपल्याकडचेही. उन्हाळ्यात दुपारी १२ ते ४ उघड्यावर काम करायला इथे कायद्याने बंदी आहे, पण सकाळच्या अकराचा आखाती दमटपणा ज्यांनी अनुभवला आहे त्यांना त्या बंदीची मर्यादा कळेल. त्यातला एखादा आमच्या इमारतीत एसी दुरुस्तीला येतो, लिफ्टमध्ये शिरतो, आणि आधीपासून आत असलेली सुशिक्षित मराठी मंडळी एकमेकांकडे पाहून तेच दोन शब्द म्हणतात. मराठीत, कारण त्याला कळणार नाही. आमच्या नातूरने सांगितलं की एका कुटुंबाने त्याला विचारलं होतं, या लोकांना सामानाच्या लिफ्टने पाठवता येणार नाही का. वर घरात एसी बिघडला होता त्यांच्याच.

जॉर्ज ऑर्वेलने १९३७ साली ‘द रोड टू विगन पिअर’मध्ये इंग्रज मध्यमवर्गाबद्दल लिहिलं की खालच्या वर्गाला वास येतो हे त्यांच्या मनावर लहानपणी बिंबवलेलं असतं, आणि वर्गभेदाची इतर कुठलीही भिंत ओलांडता येते, ही नाही. विचार बदलता येतात, शिसारी बदलत नाही. आपल्याला हे ऑर्वेलकडून शिकायची गरज नव्हती. ज्या समाजाने माणसाच्या सावलीचाही विटाळ मानला, त्याला नाकाचं राजकारण कुणी शिकवायचं? ‘त्यांच्या आळीत वास येतो’, ‘वशाट खाणाऱ्यांच्या घरी पाणी नको’, ही वाक्यं आपल्या आजोळी बोलली जात होती, आणि बोलणाऱ्यांना स्वतःच्या गोठ्याचा वास येत नव्हता. येणारही नाही. नाकाला सतत असलेला वास काही मिनिटांत जाणवेनासा होतो. ‘आमच्या घरात अजिबात वास नसतो’ या वाक्याचा अर्थ एवढाच की तुम्ही तिथे राहता.

तुबलीला यायच्या आधी मी मनामात खोली शोधत होते. एका मराठी घराची जाहिरात होती, मराठी मुलगीच हवी म्हणून. फोनवर आडनाव विचारून झालं, गाव विचारून झालं. वेंगुर्लं म्हटल्यावर पलीकडे जरा शांतता. मग, ‘आम्हाला तसं काही नाही हो, पण घरात वास चालत नाही.’ मासे चालत नाहीत असं त्या म्हणाल्या नाहीत. वास. जणू मी तो पिशवीत घालून आणणार होते. हीच मंडळी आपल्या गटात एक बातमी मोठ्या अभिमानाने पाठवत होती. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डरच्या शाखेत २०२३ मध्ये एका भारतीय संशोधक विद्यार्थ्याने विभागातल्या मायक्रोवेव्हमध्ये पालक पनीर गरम केलं. तिथल्या कर्मचारी बाईंनी उग्र वासाची तक्रार केली. प्रकरण वाढत गेलं, तो आणि त्याची सहकारी-जोडीदार यांनी दावा लावला, आणि शेवटी विद्यापीठाने, चूक मान्य न करता, दोन लाख डॉलरवर तडजोड केली. आमच्याकडे टाळ्या. ‘बरी जिरवली!’ मीही खूश झाले, पीएचडी करताना डबा कुठे उघडायचा हा प्रश्न ज्यांनी सोसला आहे ते सगळे झाले असतील. २०१७ साली इंग्लंडमध्ये केंटच्या फर्गस विल्सन नावाच्या बड्या घरमालकाने करीचा वास मागे राहतो म्हणून काळ्या-तपकिरी भाडेकरूंना घर देऊ नका असं दलालाला कळवलं होतं. न्यायालयाने ते बेकायदेशीर ठरवलं, तेव्हाही आपण असेच टाळ्या वाजवल्या.

मग मला सांगा, पालक पनीरला जो न्याय तो बांगड्याला का नाही? आयआयटी मुंबईत २०२३ साली वसतिगृहाच्या खाणावळीत फक्त शाकाहाऱ्यांसाठी काही टेबलं राखून ठेवली गेली, आणि निषेध म्हणून तिथे बसून मांसाहार करणाऱ्या एका विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. बोल्डरच्या बातमीवर टाळ्या वाजवणाऱ्या किती जणांनी त्या दंडाबद्दल चकार शब्द काढला? मुंबईत मराठी माणसालाच मासे खातो म्हणून फ्लॅट नाकारला जातो, तेव्हा आपण ‘मराठी अस्मिता’ म्हणून ओरडतो, आणि मनामात तोच फ्लॅट आपल्या हातात आला की आपणच तो नाकारतो. आपला तो बाब्या या म्हणीची आखाती आवृत्ती काढायला हरकत नाही.

गंमत म्हणजे नाक नाव ऐकून निकाल देतं, हे प्रयोगशाळेत दाखवून झालं आहे. ऑक्सफर्डमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना एकच वास दिला, आयसोव्हॅलेरिक आम्लाचा, जे जुन्या चीजमध्येही असतं आणि पायमोज्यांतही. पडद्यावर एकदा ‘चेडर चीज’ असं नाव दाखवलं, एकदा ‘अंगाचा वास’. तेच रसायन पहिल्या नावाने लोकांना बरं वाटलं, दुसऱ्या नावाने नको झालं, आणि मेंदूतली हालचालही त्याप्रमाणे बदलली. लिफ्टमध्ये शिरणाऱ्या माणसाच्या अंगावर कामगाराचा निळा डगला असतो. ते नावच झालं की.

हिंगाचं उदाहरण तर रोजच्या डब्यातलं. हिंग म्हणजे गंधकाची संयुगं, जर्मन लोक त्याला सैतानाची विष्ठा म्हणतात. शाकाहारी स्वयंपाकघरात ते खमंग. सुक्या बोंबलात ट्रायमिथाइलअमाइन असतं, ते मात्र ‘वास’. रसायनशास्त्राला यातला फरक माहीत नाही. कोकणातल्या बायकांना मात्र शतकानुशतकं माहीत आहे की ट्रायमिथाइलअमाइन आम्लाने मरतं, म्हणून माशाला आगळ लावायचं, आमसूल घालायचं. आमच्याकडे त्या वासाला नावही आहे, हिमूस. हिमूस गेला की मासा झाला. हिमूस म्हणणारी बाई माशावर रागावलेली नसते, ती त्याला पुढे काय करायचं ते ठरवत असते.

इथेच माझं मुख्य म्हणणं आहे. मराठीकडे वासांसाठी शब्दांचा साठा आहे आणि आपण तो टाकून दिला. खमंग, खरपूस, करपट. खवट म्हणजे तेल गेलं, आंबूस म्हणजे पीठ आलं, कुबट म्हणजे ओल आहे, कोंदट म्हणजे हवा खेळत नाही. मातकट, धुरकट, ओशट, उग्र. दर्प वेगळा, भपकारा वेगळा, दरवळ वेगळा, घमघमाट वेगळा. मलेशियाच्या जंगलातल्या जहाई लोकांच्या भाषेत गंधांसाठी डझनभर स्वतंत्र शब्द आहेत आणि ते लोक वासांची नावं रंगांइतक्या सहज सांगतात, हे असीफा मजीद आणि निक्लास बुरेनहुल्ट यांनी २०१४ मध्ये दाखवलं, तेव्हा युरोपातल्या अभ्यासकांना केवढं आश्चर्य वाटलं, कारण गंधाला शब्दच नसतात असं तिकडे धरून चालले होते. मला तो निबंध वाचताना सारखी आजीच्या कोठारातली फेरी आठवत होती. ती डबा उघडून एक शब्द बोलायची आणि त्या शब्दातच पुढचं काम असायचं. कुबट, उन्हात घाल. खवट, फेकून दे. आंबूस, आजच घावन कर.

‘वास येतोय’मधून कुठलं काम निघतं? काहीच नाही. फक्त अंतर निघतं. दुबई-दोहा-मनामात वाढणाऱ्या आपल्या मुलांना कुबट माहीत नाही, खवट माहीत नाही. ‘स्मेली’ माहीत आहे. डब्यात हिंगाची फोडणी नको, चटणी नको, मुलं बघतात. आपण ती नाही देत. सकाळी पोळीला तूप-साखर लावून गुंडाळी करून देतो आणि संध्याकाळी संस्कृती टिकवायला मराठी शाळेत सोडतो.

ज्या देशात आपण राहतो त्याच्याकडे तरी बघा. बहरीनमध्ये तुळशीच्या जातीची एक वनस्पती घरोघर लावतात, आपल्या सब्ज्याची बहीण. बायका ती केसांत माळतात. तिचं नाव मशमूम. अरबीत शम्म म्हणजे हुंगणं, मशमूम म्हणजे जे हुंगलं जातं ते. नाव म्हणून फक्त एवढंच! कुत्रं न हुंगण्याच्या म्हणीतून आलेल्या मला ते नाव पहिल्यांदा ऐकून केवढं छान वाटलं. अरबीत वासाला रीहा म्हणतात, त्याच मुळातून वारा म्हणजे रीह, आणि त्याच मुळाशी आत्मा म्हणजे रूह. शेजारच्या बहरीनी आजी माझ्या घरावरून जाताना ‘शिनू हर्रीहा?’ विचारतात, म्हणजे हा कसला वास. त्या प्रश्नाला ‘कसला’ जोडलेला आहे, म्हणून त्याला उत्तर देता येतं. त्यांच्याकडे स्वतः महयावा असतो, इराणच्या किनाऱ्यावरून आलेली, उन्हात आंबवलेल्या माशांची पातळ चटणी, पोळीवर लावून खायची. तिच्यापुढे आपला जवळा म्हणजे गुलाबपाणी. पाहुणा निघायला लागला की ऊद जाळलेला मब्खरा त्याच्या कपड्यांखालून फिरवतात. ऊद झाला की बसणं नाही, अशी म्हणच आहे इथे. यजमानाच्या घराचा वास अंगावर घेऊन माणूस घरी जातो. आणि आपल्या देवघरातली उदबत्ती, तिच्यातला ऊद हा ह्यांचाच शब्द. आपण घेतला तेव्हा नाकाने कांदे सोलले नव्हते.

एकदाच असं झालं की आपल्या या वाक्याचा अर्थ पालटला. २०२० साल. कोविडमध्ये माणसांची गंधसंवेदना जात होती, आणि फोनवर पहिला प्रश्न असायचा, ‘वास येतोय का?’ पुण्याहून आई विचारायची, मी इथून तिला विचारायचे. कॉफीचा डबा उघडून बघ, कांदा चिरून बघ. ‘येतोय’ म्हटलं की दोन्हीकडे जीव भांड्यात पडायचा. तेव्हा कुणी विचारलं नाही की चांगला की वाईट. तेव्हा मोरीचा वास आला असता तरी आपण पेढे वाटले असते. बाधा झालेल्या काहींच्या अन्नावरची वासना पुढे कित्येक महिने परतली नाही, आणि सगळं कुजल्यासारखं लागतं म्हणून रडणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यानंतर तरी या शब्दाला आपण जरा मान द्यायला हवा होता. दोन वर्षांत लिफ्टमध्ये पुन्हा तेच सुरू.

मला ठाऊक आहे, यावर ‘मग काय आता दुर्गंधीलाही सुगंध म्हणायचं का?’ असा प्रश्न येणार. अजिबात नाही. हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण फार वाढलं तर तो नाकच बधिर करतो आणि मग माणूस मरतो, त्यामुळे वाईट वास ओळखता येणं ही जिवाची गोष्ट आहे आणि माझ्या पोटापाण्याचीही. तुबलीच्या केंद्राबद्दल तक्रार जरूर करा, मी करते. कोणत्या रात्री, वारा उत्तरेचा शमाल होता की दमट कौस, वास कुजकट होता की क्लोरीनसारखा, हे लिहून पाठवलं तर तिथल्या अभियंत्याला काहीतरी करता येतं. गाळाची टाकी वेगळी, गळकी वाहिनी वेगळी. ‘वास येतो’ एवढंच लिहून पाठवलं तर तो काय करणार?

आणि खोलीच्या जाहिरातींबद्दल. घर तुमचं आहे, मासे नको असतील तर ‘मासे चालणार नाहीत’ असं लिहा. जात विचारायची असेल तर तीही लिहायची हिंमत करा. ‘वास चालणार नाही’ लिहू नका. माशांवर मला तुमच्याशी भांडता येईल, भांडून झाल्यावर कदाचित एखाद्या रविवारी तुम्हाला जेवायलाही बोलावता येईल. आगळ लावलेली सुरमई आहे, हिमूस शिल्लक नसतो.